कोविड-१९ महासाथीतील औषध दुकान सेवा (गोंदिया जिल्हा)

कोविड-१९ महासाथीतील औषध दुकान सेवा या लेखात २०२० ते २०२२ या काळात किरकोळ औषध विक्रीची दुकाने जनतेसाठी सुरू व आवाक्यात ठेवण्यासाठी झालेल्या कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यावसायिक उपाययोजनांचा आढावा घेतला आहे. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्हा हे त्याचे मुख्य उदाहरण आहे. बोलीभाषेत ‘मेडिकल’ म्हणून ओळखले जाणारे हे दुकान टाळेबंदीच्या सर्व टप्प्यांत बंदीतून वगळले होते. मात्र दुकान उघडे असणे आणि रुग्णाच्या हाती औषध पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहतूक, डॉक्टरांची चिठ्ठी, नोंदणीकृत औषधनिर्माता आणि मालाचा पुरवठा यांपैकी एक दुवा तुटला तरी उघड्या दुकानाचा उपयोग होत नाही, हे या काळात स्पष्ट झाले.

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३.२ लाख असून बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. उत्तरेस मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आणि पूर्वेस छत्तीसगड राज्य आहे. धानशेती हा मुख्य व्यवसाय आहे. सालेकसा, देवरी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांचा मोठा भाग वनव्याप्त आहे.

जिल्ह्यातील सरकारी आरोग्यसेवा उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि गोंदिया शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेली रुग्णालये अशा पायऱ्यांची आहे. खासगी औषध दुकाने प्रामुख्याने गोंदिया शहर, तालुक्याची गावे आणि आठवडी बाजाराची मोठी गावे येथे आढळतात. लहान खेड्यातील माणसाला रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी आणण्यासाठी बहुधा बाजाराच्या गावी जावे लागते. त्यामुळे औषधाची उपलब्धता हा येथे दुकानाइतकाच रस्त्याचा आणि वाहनाचा प्रश्न आहे.

पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. वनव्याप्त तालुक्यांत हिवतापही आढळतो. या रुग्णांना, तसेच क्षयरोग, अपस्मार, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना औषधात खंड पडू देणे धोक्याचे असते. महासाथीच्या काळात कोविड न झालेल्या पण नित्य औषधावर अवलंबून असलेल्या या वर्गाचा प्रश्न सर्वत्र पुढे आला.

कायदेशीर चौकट

भारतात औषध विक्रीचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार होते. किरकोळ विक्रेत्याला सर्वसाधारणपणे नमुना २० आणि नमुना २१ मधील परवाने घ्यावे लागतात. चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे, असा नियम आहे. औषधनिर्मात्यांची नोंदणी फार्मसी अधिनियम, १९४८ अन्वये राज्य फार्मसी परिषदेकडे होते. महाराष्ट्रात परवाने देणे आणि तपासणी करणे ही कामे अन्न व औषध प्रशासन पाहते.

याचा एक परिणाम असा की, औषध दुकान किराणा दुकानाप्रमाणे कोणालाही चालवता येत नाही. औषधनिर्माता आजारी पडला किंवा विलगीकरणात गेला, तर दाराला कुलूप नसले तरी चिठ्ठीवरील औषध कायदेशीररीत्या देता येत नाही. ज्या गावात एकच दुकान आणि एकच औषधनिर्माता असतो, तेथे ही अडचण अधिक गंभीर होते.

महासाथीत या नियमित कायद्यांवर आणखी तीन कायद्यांची भर पडली. पहिला साथरोग अधिनियम, १८९७. मुंबई प्रांतातील प्लेगच्या साथीच्या वेळी तो करण्यात आला होता. महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० पासून तो लागू केला. दुसरा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. देशव्यापी टाळेबंदीचे आदेश त्याखाली निघाले. तिसरा अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५. मुखपट्ट्या व हात निर्जंतुक करण्याचे द्रव यांच्या साठेबाजीविरुद्ध तो वापरण्यात आला.

टाळेबंदीतील सूट

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात २३ मार्च रोजी संचारबंदी जाहीर होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २४ मार्चच्या आदेशात रुग्णालये, दवाखाने, औषध दुकाने, वैद्यकीय उपकरणांची दुकाने, तसेच औषधांचे उत्पादन व वितरण करणाऱ्या आस्थापना यांना बंदीतून वगळण्यात आले.

३० एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने देशातील जिल्ह्यांचे लाल, नारिंगी आणि हिरवा असे वर्गीकरण केले. महाराष्ट्रातील सहा जिल्हे हिरव्या गटात होते: उस्मानाबाद (आताचा धाराशिव), वाशिम, सिंधुदुर्ग, गोंदिया, गडचिरोली आणि वर्धा. रुग्णसंख्या अल्प असलेल्या या जिल्ह्यांतही वाहतूक व पुरवठ्याच्या अडचणी लाल गटातील जिल्ह्यांप्रमाणेच जाणवत होत्या. कारण त्यांची औषधे, विशेषज्ञ डॉक्टर आणि घाऊक बाजार बहुधा लाल गटातील मोठ्या शहरांत होते. गोंदियासाठी ते शहर नागपूर होते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्य शासनाने १४ एप्रिलच्या रात्रीपासून ‘ब्रेक द चेन’ या नावाने कडक निर्बंध लागू केले. २० एप्रिलपासून किराणा, भाजीपाला अशा दुकानांना सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ देण्यात आली. औषध दुकानांवर ही वेळमर्यादा नव्हती. राज्यातील निर्बंध २ एप्रिल २०२२ पासून, गुढीपाडव्याच्या दिवशी, मागे घेण्यात आले.

घरपोच औषधांचा आदेश

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २६ मार्च २०२० रोजी औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम २६ब अन्वये एक अधिसूचना काढली. ती सा.का.नि. २२० (अ) या क्रमांकाने ओळखली जाते. परवानाधारक किरकोळ विक्रेत्याला औषध ग्राहकाच्या दारात पोहोचवण्याची मुभा तिने दिली. तिच्यातील प्रमुख अटी अशा होत्या:

• चिठ्ठी प्रत्यक्ष किंवा ई-मेलने मिळालेली असावी. ई-मेलने चिठ्ठी स्वीकारायची असल्यास दुकानदाराने आपला ई-मेल पत्ता परवाना प्राधिकाऱ्याकडे नोंदवावा.
• औषध ज्या महसुली जिल्ह्यात दुकान आहे त्याच जिल्ह्यात पोहोचवावे.
• दीर्घकालीन आजाराची चिठ्ठी दिल्यापासून ३० दिवसांच्या आत, तर तात्कालिक आजाराची ७ दिवसांच्या आत सादर झालेली असावी.
• अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे, तसेच अनुसूची एच१ आणि अनुसूची एक्स मधील औषधे या सवलतीतून वगळली होती.

आदल्याच दिवशी, २५ मार्च रोजी, दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली होती. दूरध्वनी किंवा चित्रसंवादाद्वारे रुग्ण तपासून चिठ्ठी देण्यास त्यांनी निश्चित स्वरूप दिले. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही विनामूल्य सेवा सुरू झाली. घरातूनच डॉक्टरांचा सल्ला, घरातूनच चिठ्ठी आणि घरातच औषध अशी साखळी प्रथमच कायद्याने शक्य झाली.

आदेशाच्या मर्यादा

साखळीतील प्रत्येक अट ग्रामीण जिल्ह्यात वेगळा अर्थ धारण करीत होती.

चिठ्ठीची मुदत ही पहिली अडचण होती. रक्तदाब किंवा मधुमेहाचे अनेक रुग्ण एकदा मिळालेली चिठ्ठी महिनोन् महिने वापरतात. ३० दिवसांच्या अटीमुळे घरपोच सेवेसाठी जुनी चिठ्ठी निरुपयोगी ठरत होती. नवी चिठ्ठी मिळवायची तर स्मार्टफोन, भ्रमणध्वनीचे जाळे आणि तो वापरून देणारा कोणी तरी घरात असणे आवश्यक होते.

जिल्ह्याची सीमा ही दुसरी अडचण होती. गोंदिया शहरातील दवाखाने व बाजारपेठ यांवर शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील गावेही अवलंबून असतात. शहरातील दुकानदाराला सुमारे ८० किलोमीटरवरील अर्जुनी मोरगावला औषध पाठवता येत होते. मात्र त्याहून पुष्कळ जवळच्या, पण दुसऱ्या राज्यात मोडणाऱ्या गावाला ते पाठवण्याची मुभा या अधिसूचनेत नव्हती. गोंदियातील ज्या रुग्णाची औषधे नागपूरच्या दुकानातूनच येत, त्यालाही हाच नियम लागू होता.

वगळलेल्या औषधांची यादी ही तिसरी अडचण होती. अनुसूची एच१ मध्ये क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही औषधे येतात. त्यांची विक्री स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. औषधांचा गैरवापर आणि त्यातून निर्माण होणारी जंतूंची प्रतिकारशक्ती रोखणे हा या अनुसूचीचा हेतू आहे. अपस्मारावरील फेनोबार्बिटोन व क्लोनाझेपाम ही मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांत मोडतात. सिकलसेलच्या रुग्णाला लागणारे फॉलिक ॲसिड किंवा हायड्रॉक्सियुरिया घरपोच देता येत होते. परंतु तीव्र वेदनेच्या झटक्यात दिले जाणारे ट्रामाडॉल देता येत नव्हते. ज्यांच्या औषधात खंड पडणे सर्वांत धोक्याचे, अशा काही रुग्णांना दुकानापर्यंत स्वतः किंवा नातेवाइकामार्फत जाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

प्रवास आणि पुरवठा

राज्य परिवहन महामंडळाची बससेवा मार्च २०२० मध्ये थांबली. लाल गटाबाहेरील भागांत जिल्ह्यांतर्गत बस २२ मे २०२० पासून आणि आंतरजिल्हा बस २० ऑगस्ट २०२० पासून सुरू झाल्या. प्रवासी रेल्वेगाड्याही मार्चमध्येच बंद झाल्या होत्या. गोंदिया हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील महत्त्वाचे जंक्शन आहे. तेथून बल्लारशाहकडे जाणाऱ्या मार्गावर गोरेगाव, सौंदड, अर्जुनी मोरगाव ही गावे येतात. ग्रामीण रुग्णांची नेहमीची वाहतूक बस व पॅसेंजर गाड्यांवर चालत असल्याने ती थांबताच दुकान व रुग्ण यांतील अंतर वाढले. देवरीसारख्या रेल्वे नसलेल्या तालुक्याच्या गावी तर बस हेच मुख्य साधन होते.

हाच प्रश्न पुढे वेगळ्या कारणाने पुन्हा उभा राहिला. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. ओमायक्रॉनची तिसरी लाट याच काळात आली. दुकानांवर बंधन नव्हते, तरी खेड्यातून तेथवर पोहोचणे अनेकांना महाग पडत होते.

पुरवठ्याच्या बाजूने औषध कंपनी, तिचा राज्यातील आगार, घाऊक विक्रेता आणि किरकोळ दुकान असा मालाचा प्रवास असतो. गोंदियाच्या दुकानांसाठी नागपूरचा घाऊक औषध बाजार महत्त्वाचा आहे. टाळेबंदीत मालवाहतुकीला परवानगी असली, तरी वाहनचालक, हमाल आणि खासगी पार्सल सेवा यांची उणीव जाणवत होती. भारतीय रेल्वेने पार्सल विशेष गाड्या सोडल्या आणि भारतीय टपाल खात्याने औषधांची पाकिटे पोहोचवली.

टंचाई आणि किंमत नियंत्रण

महासाथीत टंचाई तीन कारणांनी निर्माण झाली: कच्च्या मालाची अनिश्चितता, भीतीपोटी झालेली खरेदी आणि साठेबाजी.

औषधांच्या कच्च्या मालासाठी भारत मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून होता. त्यामुळे ३ मार्च २०२० रोजी पॅरासिटामॉलसह २६ औषधद्रव्ये व त्यांपासूनच्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घालण्यात आले. एप्रिलमध्ये ते टप्प्याटप्प्याने शिथिल झाले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कृती गटाने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रतिबंधक म्हणून सुचवले. त्यानंतर सर्वसामान्य लोकही ते विकत घेऊ लागले. संधिवात व ल्युपस या आजारांचे जे रुग्ण पूर्वीपासून हे औषध घेत होते, त्यांनाच त्याचा तुटवडा भासू लागला. २६ मार्च रोजी ते अनुसूची एच१ च्या अटींखाली आणण्यात आले. विक्रीवर अंकुश आला, पण त्याच दिवशीच्या घरपोच सवलतीतूनही ते आपोआप वगळले गेले.

मुखपट्ट्या आणि निर्जंतुक द्रव १३ मार्च रोजी अत्यावश्यक वस्तू ठरवण्यात आले. दुपदरी मुखपट्टीला ८ रुपये, तिपदरी मुखपट्टीला १० रुपये आणि २०० मिलिलिटर द्रवाला १०० रुपये अशा कमाल किमती ठरवण्यात आल्या. जुलै २०२० मध्ये निर्जंतुक द्रवाच्या विक्रीसाठी औषध परवान्याची अट काढून टाकण्यात आली. तेव्हापासून ते किराणा दुकानांतही मिळू लागले आणि औषध दुकानांवरील गर्दीचे एक कारण कमी झाले. जुलै २०२१ मध्ये पल्स ऑक्सिमीटर, तापमापक, रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर आणि नेब्युलायझर यांवरील व्यापारी नफ्याला मर्यादा घालण्यात आली.

दुसरी लाट आणि रेमडेसिव्हिर

एप्रिल २०२१ मध्ये विदर्भासह राज्यभर रुग्णसंख्या झपाट्याने वाढली. रेमडेसिव्हिर या इंजेक्शनसाठी रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरू लागले. केंद्र सरकारने ११ एप्रिल रोजी त्याची निर्यात थांबवली. राज्यात त्याच्या वाटपाचे नियंत्रण जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन साठा थेट रुग्णालयांना पुरवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. पुरवठ्याच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन सुनावणी केली.

या निर्णयाने किरकोळ दुकान या एका औषधापुरते साखळीबाहेर गेले. नातेवाइकांची वणवण थांबवणे व काळाबाजार रोखणे हा त्यामागील हेतू होता. मात्र यामुळे रुग्णालयाला ठरलेला वाटा किती आणि कधी मिळतो, यावर सारे अवलंबून राहिले. पुढे म्युकरमायकोसिसवरील ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाचे वाटपही सरकारी नियंत्रणाखाली झाले.

दीर्घकालीन रुग्ण आणि सरकारी यंत्रणा

खासगी दुकान जेथे नाही तेथे आरोग्य उपकेंद्र, परिचारिका आणि आशा स्वयंसेविका हाच औषधाचा मार्ग असतो. महासाथीत राष्ट्रीय कार्यक्रमांनी रुग्णाला एकाच वेळी अधिक दिवसांची औषधे देण्याचे धोरण स्वीकारले. एचआयव्हीबाधितांना अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्यावर भर दिला गेला. क्षयरोगाच्या रुग्णांना औषधे घराजवळ पोहोचवण्याच्या सूचना होत्या. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात २०१८ च्या सुमारास सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्राऐवजी गावाजवळच्या उपकेंद्रातून गोळ्या देण्याची पद्धत पुढे आणली गेली.

या पद्धतीत घरपोच विक्रीच्या अटी आड येत नाहीत, कारण औषध सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य दिले जाते. तिची कसोटी साठ्यात असते. एका महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, तर उपकेंद्राच्या कपाटात तेवढा साठा आधीच असावा लागतो.

दुकानातील सुरक्षितता

दुकानदार आणि औषधनिर्माता हे तापाच्या रुग्णाला भेटणारे बहुधा पहिले आरोग्यसेवक होते. दुकानासमोर दोरी किंवा बाक आडवा लावणे, जमिनीवर चुन्याने वर्तुळे आखणे, काउंटरवर पारदर्शक पडदा बसवणे आणि सुट्या पैशांऐवजी भ्रमणध्वनीवरून रक्कम घेणे हे उपाय सर्वत्र रूढ झाले.

औषध विक्रेत्यांवर माहिती देण्याची जबाबदारीही आली. एप्रिल २०२० मध्ये तेलंगणा व आंध्र प्रदेश या राज्यांनी ताप, सर्दी, खोकल्याची औषधे घेणाऱ्यांची नोंद ठेवण्यास सांगितले. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या घरगुती चाचणी संचाला मान्यता मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने अशा संचांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचे आदेश दिले. अशा नोंदींमुळे साथीचा माग काढणे सोपे होते. मात्र विलगीकरणाच्या भीतीने रुग्ण दुकानात येण्याचेच टाळतील, अशी शंकाही व्यक्त झाली.

केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांची विमा योजना जाहीर केली. खासगी किरकोळ औषध विक्रेते तिच्या कक्षेत नव्हते. जगन्नाथ शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय औषध विक्रेता संघटनेने विक्रेत्यांना आघाडीचे कर्मचारी मानून लसीकरणात प्राधान्य देण्याची मागणी केली होती.

इतर देशांतील पद्धती

फ्रान्सने मार्च २०२० मध्ये दीर्घकालीन आजाराच्या मुदत संपलेल्या चिठ्ठीवरही औषध देण्याची मुभा औषधनिर्मात्यांना दिली. गोंदियासारख्या जिल्ह्यात ३० दिवसांच्या अटीमुळे जी अडचण येत होती, तिला हे थेट उत्तर होते. अमेरिकेत औषधनिर्मात्यांना कोविड लस टोचण्याचा अधिकार मिळाला आणि औषध दुकाने लसीकरणाची प्रमुख केंद्रे बनली. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ पासून सरकारी केंद्रे व रुग्णालयांतून झाले. किरकोळ औषध दुकानांना त्यात स्थान नव्हते.

वाद

घरपोच औषधांची अधिसूचना महासाथीपुरती होती की कायमची, हा पुढे वादाचा विषय झाला. ऑनलाइन औषध विक्रीचे नियम २८ ऑगस्ट २०१८ रोजी मसुदा म्हणून प्रसिद्ध झाले होते, पण ते अंतिम झाले नव्हते. मोठ्या ऑनलाइन कंपन्या २०२० च्या अधिसूचनेचा आधार घेऊन चिठ्ठीची पुरेशी पडताळणी न करता औषधे पोहोचवतात, असा आक्षेप औषध विक्रेता संघटनेने घेतला. महासाथ संपल्याने अधिसूचना मागे घ्यावी, अशी मागणी तिने २०२४ पासून केली. घरपोच सेवा वृद्ध, अपंग व एकट्या राहणाऱ्या रुग्णांना आवश्यक आहे, असे सेवेच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

मूल्यमापन

टाळेबंदीच्या आदेशांनी औषध दुकान उघडे ठेवण्याचे काम पहिल्या दिवसापासून केले. त्या मर्यादेत धोरण यशस्वी ठरले. परंतु वनव्याप्त व विखुरलेल्या वस्तीच्या जिल्ह्यात सेवेची उपलब्धता पुढील बाबींवर ठरते:

• रुग्णाला दुकान किंवा उपकेंद्र गाठण्यासाठी बस वा अन्य वाहन मिळणे;
• जुन्या रुग्णाची चिठ्ठी मुदतीअभावी निरुपयोगी न होणे;
• औषधनिर्माता आजारी पडल्यास पर्यायी व्यवस्था असणे;
• क्षयरोग, अपस्मार व सिकलसेलच्या वगळलेल्या औषधांसाठी सुरक्षित वेगळा मार्ग असणे;
• जिल्हा व राज्य सीमेवरील गावांना जवळच्या बाजारपेठेतून औषध मिळणे;
• गावपातळीवर पुरेसा साठा आधीच असणे.

२०२० ते २०२२ या काळातील आदेशांनी यांपैकी काही बाबी अंशतः हाताळल्या. सीमेवरील गावे आणि वगळलेली औषधे यांसाठी घरपोच अधिसूचनेत तरतूद नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ ची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पूर, संप किंवा नवी साथ अशा कोणत्याही कारणाने रस्ता बंद झाल्यास मात्र या बाबींचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो.

हे सुद्धा पहा

• गोंदिया जिल्हा
• महाराष्ट्रातील कोविड-१९ महामारी
• अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र
• सिकलसेल आजार
• दूरवैद्यक